धाप भीतीची की स्नायूंची?

मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेल्या माणसाला धाप लागली, की तो आधी स्वतःलाच विचारतो: ही भीती आहे, की छातीचे स्नायूच थकलेत? प्रश्न रास्त आहे. दोन्हींची सुरुवात एकसारखीच वाटते.

या आजारात शरीरातल्याच अँटीबॉडी नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप वाटेत अडवतात. सकाळी नीट उघडलेली पापणी संध्याकाळी खाली येते. बोलता बोलता आवाज गेंगाणा होतो, भाकरी चावता चावता जबडा थकतो. १९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागात डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णाची मिटलेली पापणी वर गेली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच जातीची. तिचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून बाहेर पडताना आधी गोळ्यांची डबी चाचपली जाते.

‘दिसतेस तर चांगली, उगाच टेन्शन घेऊ नकोस.’ हे बोलणं मायेचं असेल, उपयोगाचं नाही. निदानाआधी ‘सगळं मनाचं आहे’ असं ऐकलेल्या बाईला तर ते लागतंच. तिची चिंता खरी आहे. तिला उपाय हवा.

तब्येत बरी असेल त्या दिवशी खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात, बोलण्याच्या वेगाने आकडे म्हणायचे. निरोगी माणूस साधारण ५० पर्यंत पोचतो. आपला आकडा लिहून ठेवायचा. धाप लागली की पुन्हा मोजायचं. नेहमीइतका आला, बाकी काही त्रास नसला, तर बसून, सावकाश श्वास सोडत भीती ओसरू द्यायची. तो घसरत २० च्या आसपास आला, आडवं पडल्यावर गुदमरलं, लाळ गिळता येईना, खोकल्यात जोर उरला नाही, यातलं एक जरी झालं, तर थेट रुग्णालय. शंका असली तरीही. कोविडपासून घरोघरी असलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. स्नायू थकत आले तरी तो बराच वेळ चांगलाच आकडा दाखवतो.

भीतीवरच्या गोळ्यांचंही तसंच. अल्प्राझोलॅमसारखी गोळी श्वास मंदावू शकते, धडधड थांबवणारं प्रोप्रॅनोलॉल अशक्तपणा वाढवू शकतं. मेडिकलमधून परस्पर काही आणायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. समुपदेशनात हा धोका नाही, ते निदानाच्या दिवसापासून मिळायला हवं.

आणि पाकिटात एक कार्ड: आजाराचं नाव, चालू औषधं, न्यूरॉलॉजिस्टचा नंबर, जपून द्यायची औषधं. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन अशी सर्रास दिली जाणारी अँटिबायोटिक्सही त्यात येतात. कॅज्युअल्टीत आवाज फुटत नसेल, तेव्हा हे कार्ड पुढे करायचं.