वोवेओ: बोलला तो अडकला

मंडळी, लॅटिन म्हटलं की लोक आधीच घाबरतात, म्हणून आज एकच क्रियापद घेऊ, वोवेओ. अर्थ, मी नवस बोलतो. डिक्शनरीत त्याची चार रूपं देतात: वोवेओ, वोवेरे, वोवी, वोटुम. म्हणजे बोलतो, बोलणं, बोललो, आणि चौथं ते बोललेलं. मोवेओ, मोवेरे, मोवी, मोटुम म्हणजे हलवणं, त्याचीच ही चाल, त्यामुळे एक पाठ केलं की दुसरं फुकट. गोची एकच, वोवेओमधला पहिला ओ ऱ्हस्व आणि वोवीमधला दीर्घ, आणि आपल्या नेहमीच्या लिखाणात ऱ्हस्व ओ नाहीच, म्हणजे फळ्यावर दोन्ही सेम दिसणार, ते कानानेच धरायचं.

आता वाक्य बघा. 'योवी टेंप्लुम वोविट', ज्युपिटरला, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाला, देऊळ बोलला. इंग्लिशमधून शिकणारी मुलं इथे अडखळतात, आपण का अडखळावं? आपली आजी 'देवीला साडी बोललेय' असंच म्हणते ना, देवी चतुर्थीत आणि साडी नुसती कर्म म्हणून. झालं की लॅटिन.

पण बोलणं सोपं, पुढचं बघा. नवस बोललेल्या माणसाला रोमन लोक 'वोटी रेउस' म्हणायचे, रेउस म्हणजे कोर्टातला आरोपी! आणि देवाने काम केलं की तो 'वोटी डाम्नाटुस', म्हणजे निकाल विरुद्ध गेला, आता भरा. इच्छा पूर्ण झाली म्हणून पेढे वाटायचे तिथे यांना शिक्षा लागते, मला हे फार आवडतं. मग सुटायचं कसं, तर 'सोल्वेरे' करून. सोल्वेरे म्हणजे गाठ सोडणं आणि देणं चुकतं करणं, दोन्ही. आणि आपलं फेडणं? कर्ज फेडतो, नवस फेडतो, आणि जुन्या बायका लुगडंही फेडायच्या. रोमन वेद्यांच्या दगडांवर, अगदी ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीपाशीसुद्धा, खाली चार अक्षरं सापडतात, व्ही एस एल एम. वोटुम सोल्विट लिबेन्स मेरिटो, नवस फेडला, खुशीने, आणि तो रास्तच होता. एक प्रकारची पावतीच ती.

नवसातली कलमं तर बघा. इ.स.पू. 217 मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ट्रासिमीन तळ्यापाशी रोमनांना झोडपलं, तेव्हा अख्ख्या रोमने नवस केला की पाच वर्षं राज्य सुखरूप राहिलं तर एका वसंतात जन्मलेली डुकरं, मेंढ्या, शेळ्या, गुरं सगळी ज्युपिटरला. रोमन इतिहासकार लिव्हीने मजकूर दिलाय, त्यात जनावर मधेच मेलं तर काय, कुणी चोरलं तर पाप लोकांना नाही आणि ज्याचं चोरलं त्यालाही नाही, सगळं आधीच लिहून ठेवलंय, एखादा वकील बसला असावा. फेडला 195 मध्ये, आणि विधी चुकला असं पुरोहित म्हणाले म्हणून 194 मध्ये परत!

हो, आणि आपलं 'व्होट' याच वोटुमवरून आलंय, पण खुद्द रोमन माणूस मताला सुफ्राजियुम म्हणायचा, वोटुम म्हणजे त्याच्यासाठी नवस किंवा इच्छाच.

शेवटी याच्याच पोटातला एक शब्द, देवोवेओ, देवाच्या हवाली करतो. इंग्लिशमधलं डिव्होटेड इथलंच, पण मूळचा अर्थ काही गोड नव्हे. इंग्लंडमध्ये बाथ गावी गरम पाण्याचा झरा आहे, त्यात शिशाच्या मिश्रधातूचे पत्रे सापडलेत, त्यातला एक डोकिलियानुस नावाच्या माणसाचा. याचा टोपीवाला झगा चोरीला गेला. तो तिथल्या सुलिस देवीला लिहितो, ज्याने माझा झगा नेला त्याला देवोवेओ, पुरुष असो बाई असो, गुलाम असो की मोकळा, त्याला मरण दे, झोप देऊ नको, पोरंबाळं देऊ नको, जोवर तो माझा झगा तुझ्या देवळात आणून ठेवत नाही तोवर.