गाय, हकीम आणि काळं पित्त

इराणातली गोष्ट आहे, हजारेक वर्षांपूर्वीची. राजघराण्यातल्या एका तरुणाला वाटायला लागलं की आपण माणूस नाही, गाय आहोत. दिवसभर हंबरायचा, आणि घरच्यांच्या मागे लागायचा की मला कापा, माझा हरीसा झकास होईल. हरीसा म्हणजे गहू आणि मटण तासन्‌तास घोटून करतात तो प्रकार, हैदराबादी हलीमचा थोरला भाऊ समजा. पुढेपुढे त्याने खाणंपिणंच सोडलं, सगळे हकीम थकले आणि मग बोलावलं इब्न सीनाला, त्या काळच्या नामांकित हकिमाला.

इब्न सीनाने आधी निरोप धाडला, त्याला सांगा खाटीक येतोय. पोरगं खूश! मग हा स्वतः सुरी घेऊन आला, कुठाय ती गाय? तो हंबरला, म्हणजे इथेच आहे मी. त्याला अंगणात आडवा पाडला, हातपाय बांधले, सुरीवर सुरी घासली, आणि मग बाजारात जनावर पारखतात तसा बरगड्यांवरून हात फिरवून इब्न सीना म्हणाला, छे, ही तर पार वाळलीय, आज नाही कापायची, आधी खायला घाला, अंग धरू दे. पोरगं जेवायला लागलं, जेवणातून औषध गेलं, महिन्याभरात बरा.

खरं घडलं का हे? इब्न सीना वारला १०३७ साली आणि ही गोष्ट लिहिलेली सापडते १२व्या शतकातल्या एका फारसी ग्रंथात, म्हणजे मधल्या शंभरेक वर्षांत मीठमसाला पडला असणारच. पण मला त्यातलं एक फार आवडतं. तू गाय नाहीस रे बाबा, असं त्या पोराला कुणीच समजावत बसलं नाही.

आता शब्द बघा. अरबीत वेड्याला म्हणतात मजनून, म्हणजे जिन्नाने धरलेला. लैलाचा मजनू तो हाच, त्याचं नाव कैस, प्रेमात डोकं फिरलं म्हणून लोक मजनून म्हणायला लागले. आणि आपण कॉलेजच्या गेटवर उभं राहून पोरींकडे बघणाऱ्याला मजनू म्हणतो, शब्दाचा अर्थ मात्र सरळसरळ झपाटलेला.

म्हणजे बाधा, ताईत, मंत्र हे सगळं तिथेही होतंच. पण हकिमांकडे दुसरी थिअरी होती, ग्रीकांकडून आलेली. शरीरात चार रस, त्यातलं काळं पित्त वाढलं की माणूस खचतो, घाबरतो, नाही नाही ते बघतो. या आजाराला मालीखूलिया म्हणायचे. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे काही परकं वाटायला नको.

मग जिन्न की पित्त? इब्न सीनाने आपल्या कानून या ग्रंथात यावर जे लिहिलंय ते जबरदस्त आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की काही वैद्य म्हणतात मालीखूलिया जिन्नामुळे होतो, पण वैद्यक शिकवणाऱ्या आम्हाला त्याच्याशी घेणंदेणं नाही, कारण जिन्न आलाच असेल तरी तो काळं पित्त वाढवूनच आजार करणार ना, मग आम्ही पित्ताकडे बघतो, पित्तामागे जिन्न असो नाहीतर नसो. भांडण नाही, चेष्टा नाही, सरळ बगल दिली आणि औषध सुरू!

त्याच्याही शतकभर आधी बल्खमध्ये, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू झैद अल-बल्खी होऊन गेला, ९३४ साली वारला. याने शरीर आणि मन दोघांच्या तब्येतीवर एकच पुस्तक लिहिलं. त्याची तक्रार ही की हकीम शरीराचंच बघतात, मनाचं कोणी बघत नाही. मनाच्या भागात त्याने राग, भीती, दुःख आणि वसवास वेगवेगळे केले. वसवास म्हणजे तोच तोच विचार डोक्यात घोळत राहणं, आज डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात ना, त्याच्या अगदी जवळचं. त्यावर त्याचा सल्ला काय, तर एकटं बसू नका, माणसांत राहा. आणि दुःखाचे त्याने दोन प्रकार सांगितले, एक ज्याचं कारण कळतं, कोणी गेलं, काही बुडालं, आणि दुसरं ज्याला कारणच सापडत नाही. हे दुसरं तो शरीरातून, रक्तातून येतं असं म्हणायचा. आजही डिप्रेशनमधल्या माणसाला घरचे विचारतात, तुला कमी काय आहे, सगळं तर आहे. बल्खीला हा प्रश्नच पडला नसता.

आता व्हॉट्सॲपवाल्यांसाठी. जगातलं पहिलं मेंटल हॉस्पिटल बगदादला ७०५ साली निघालं असं बिनधास्त फिरतं. अहो, बगदाद शहरच वसलं ७६२ ला! हॉस्पिटलं होती, बिमारिस्तान म्हणायचे, दमास्कसचं ११५४ चं, कैरोचं १२८४ चं, आणि तिथे मनोरुग्णांसाठी वेगळी जागा असायची हे खरं. पण १२व्या शतकात बगदादला गेलेला तुदेलाचा बेंजामिन नावाचा ज्यू प्रवासी लिहितो, तिथे वेड्यांना शुद्धीवर येईपर्यंत लोखंडी साखळ्यांत ठेवतात. हेही खरं.

तुर्कस्तानातल्या एदिर्नेला १४८८ चं एक रुग्णालय अजून उभं आहे, आता म्युझियम झालंय. मधला हॉल षटकोनी, वर घुमट, बरोबर मध्ये कारंजं आणि भोवती खोल्या. १७व्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी सांगतो, आठवड्यातून तीनदा दहा कलाकार येऊन रुग्णांसाठी गायचे-वाजवायचे, वास घ्यायला फुलं द्यायचे. साखळ्यांचा उल्लेख मात्र तोही करतो.

बिमारिस्तान म्हणजे नुसतं आजाऱ्यांचं घर. पुढे त्याचं मारिस्तान झालं आणि अर्थ उरला वेड्यांचं इस्पितळ. आपल्याकडे नाही का, ठाणे आणि येरवडा ही गावांची नावं, पण ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की काय ते कळतं.

आणि आपल्या काळात? ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतलं एरवाडी. तिथल्या दर्ग्यामुळे मनोरुग्णांना घेऊन लोक लांबून येतात, आसपास खाजगी आसरे निघालेले. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली, आतली माणसं साखळीने बांधलेली, २८ जण गेले. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला साफ बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधून मारहाण करणं गुन्हा आहे.

पण नुसता कायदा दाखवून दर्ग्यावरची गर्दी हटत नाही, आणि तिथे फक्त मुसलमान जातात असंही नाही. गुजरातमध्ये उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि मानसोपचाराची ओपीडी थेट दर्ग्यातच. बाईला कोणी धरलंय की नाही यावर तिथला डॉक्टर वाद घालत बसत नाही. तो विचारतो झोप लागते का, जेवण जातं का, आवाज कधीपासून ऐकू येतात, आणि गोळी लिहून देतो. मुजावर दुआ देतो आणि म्हणतो, गोळी चुकवू नका.