पृथ्वी फिरायची थांबली, तर वारा कुठून वाहील?

श्रोतेहो, नमस्कार.

पृथ्वी स्वतःभोवती फिरायची थांबली तर हवामानाचं काय होईल, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी प्रलयच उभा राहतो. तर तो प्रलय सुरुवातीलाच उरकून घेऊ. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते आहे. तिथली हवा आणि समुद्राचं पाणीही तिच्याबरोबर धावतंय. जमीन एका क्षणात थांबली, तर भरधाव गाडीनं ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे फेकले जातात, तशी ही हवा पुढे सुटेल. ताशी २५२ किलोमीटरच्या पुढचं चक्रीवादळ सगळ्यात तीव्र श्रेणीत धरतात, आणि हा वारा त्याच्या सहापटीहून जास्त. साठ अंश अक्षांशावर वेग निम्मा, ध्रुवावर शून्य. झाला प्रलय. यात मोडतोड भरपूर आहे, हवामानशास्त्र फारसं नाही.

मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त रंजक वाटतो. समजा, पृथ्वी अगदी सावकाश, काहीही न मोडता थांबली. सगळं निवळलं. मग दुसऱ्या दिवशी वारा कुठून वाहील? आता ‘दुसरा दिवस’ म्हणायचीही पंचाईतच आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वारा थांबणार नाही. पृथ्वी फिरते म्हणून वारा वाहतो असा समज पुष्कळांचा असतो, पण वारा चालवतो तो सूर्य. एक भाग जास्त तापतो, दुसरा कमी. तापलेली हवा वर चढते, वरच्या थरातून थंड भागाकडे जाते, तिथे खाली उतरते आणि जमिनीलगत परत येते. जॉर्ज हॅडले नावाच्या इंग्रज गृहस्थानं १७३५ साली नेमकं हेच मांडलं होतं. पेशानं वकील, पण विषुववृत्ताकडे कायम वाहणारे व्यापारी वारे सरळ न येता पूर्वेकडून तिरके का येतात, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. त्याचं उत्तर असं: जमिनीलगतची हवा विषुववृत्ताकडे येते तेव्हा तिच्याखालची जमीन अधिकाधिक वेगानं पूर्वेकडे पळत असते, हवा मागे पडते, म्हणून ती पूर्वेकडून आल्यासारखी वाटते. हिशेबात तो थोडा चुकला होता, पण दिशा बरोबर होती. पुढे १८३५ साली गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानं फिरत्या यंत्रांचं गणित मांडलं. त्याच्या डोक्यात पाणचक्क्या होत्या, ढग नव्हते. आज मात्र त्याचं नाव घेतल्याशिवाय हवामानाचं एकही पुस्तक पुरं होत नाही.

कोरिऑलिसचा परिणाम म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याची वाट वळणं. तो पाहायचा असेल तर उघड्या मैदानावर जाऊन वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात असाल तर कमी दाबाचा भाग तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असेल. दक्षिण गोलार्धात तो उजव्या हाताला येईल. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानं १८५७ साली हा नियम सांगितला आणि खलाशांनी तो वादळ टाळायला वापरला. पण त्यातली गंमत बघा. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जायला हवी ना? मग ती कमी दाबाच्या बाजूनं का जाते, सरळ आत का शिरत नाही? कारण पृथ्वी फिरते. निघते ती आत शिरायलाच, पण उत्तर गोलार्धात सतत उजवीकडे वळत राहते आणि शेवटी त्या कमी दाबाच्या भोवती प्रदक्षिणा घालते. म्हणून कमी दाबाचा प्रदेश कित्येक दिवस टिकतो. पृथ्वी थांबली तर हवा चारी बाजूंनी सरळ आत धावेल आणि तो खड्डा लवकरच भरून निघेल.

बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेनं आणि दक्षिणेत दुसऱ्या दिशेनं फिरतं म्हणतात, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढ्याशा भांड्यात हा परिणाम नगण्य असतो. पाणी कुठल्या बाजूनं ओतलं, यावरच ते ठरतं.

आता एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. १९५०च्या दशकात शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ यांनी एक उथळ गोल भांडं फिरत्या तबकडीवर ठेवलं आणि त्यात पाणी भरलं. भांड्याची कड तापवायची, मधला भाग थंड ठेवायचा. कड म्हणजे विषुववृत्त, मध्य म्हणजे ध्रुव. पाण्यावर ॲल्युमिनियमची बारीक पूड भुरभुरवायची, म्हणजे प्रवाह डोळ्यांना दिसतात, आणि भांड्याबरोबरच फिरणाऱ्या कॅमेऱ्यानं चित्रं घ्यायची. भांडं अगदी हळू फिरवलं, तर पाणी कडेला वर येतं, वरून मध्याकडे जातं, तिथे बुडतं आणि तळाशी परत फिरतं. चहूबाजूंनी सारखं, निवांत. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ही शिस्त मोडते. प्रवाह नागमोडी होतो, त्याच्या वळणांत भोवरे सुटतात, जुने विरतात, नवे तयार होतात. पाणी तेच, तापमानातला फरक तोच, बदलला तो फक्त फिरण्याचा वेग. आणि ते नागमोडी चित्र हवामान खात्यानं काढलेल्या, वातावरणाच्या वरच्या थरांच्या नकाशाशेजारी ठेवलं, तर दोन्हींतलं साम्य पाहून आपण चकित होतो. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये रेमंड हाइडही असाच प्रयोग करत होते. त्यांच्या मनात मात्र पृथ्वीच्या गाभ्यातले प्रवाह होते.

म्हणजे फिरणं वारा निर्माण करत नाही, ते वाऱ्याच्या वाटेत आडवं येतं. विषुववृत्ताकडून निघालेली हवा वरच्या थरातून ध्रुवाकडे जाताना पूर्वेकडे वळत जाते. तिला कुणी अडवलं नाही, तर तीस अंशांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे जायला हवा, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात साधारण त्याच भागात तिची वाट संपते, ती खाली उतरते, आणि तिथून पुढे उष्णता नेण्याचं काम ते भोवरे करतात: आपल्याला ठाऊक असलेले कमी-जास्त दाबाचे प्रदेश, थंड लाटा, अवचित येणारा पाऊस. आज ऊन आणि उद्या ढग, हा सगळा खटाटोप त्या अडथळ्यातून येतो. अडथळा काढला की हॅडलेचं चक्र थेट ध्रुवापर्यंत पोहोचतं. संगणकावर पृथ्वीचा वेग कमी करून पाहिला जातो, तेव्हा विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक घटतो. थांबलेली पृथ्वी ध्रुवांना गारठवेल असं वाटतं, पण निदान या एका बाबतीत उलटंच होतं.

चक्रीवादळं तर जातीलच. आजही विषुववृत्तापासून साधारण ५ अंशांच्या आत ती क्वचितच तयार होतात, कारण तिथे कोरिऑलिसचा परिणाम जवळपास शून्य असतो. डिसेंबर २००१ मध्ये ‘वामेई’ नावाचं वादळ फक्त दीड अंशावर तयार झालं, त्याचा दाखला अजूनही अपवाद म्हणूनच देतात. महासागरांतले प्रचंड वर्तुळाकार प्रवाहही मोडतील. गडगडाटी ढग मात्र राहतील, त्यांना पृथ्वीच्या फिरण्याची गरज नाही. खारे वारे आणि मतलई वारेही राहतील. पण त्यांची पाळी रोज बदलणार नाही.

कारण आता तो दिवसाचा प्रश्न येतो. स्वतःभोवती फिरणं थांबलं तरी सूर्याभोवतीची फेरी चालूच राहील. मग एक दिवस एका वर्षाचा होईल: जवळजवळ सगळीकडे सहा महिने उजेड, सहा महिने अंधार. आणि सूर्य खरोखरच पश्चिमेला उगवेल! पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेनं जाते, तिच्यामुळे तो आकाशात हळूहळू पूर्वेकडे सरकताना दिसेल. उजेड-अंधाराची सीमारेषा वर्षात एकदा पृथ्वीला वळसा घालेल. चाळीस हजार किलोमीटरचा घेर आणि वर्षाचे तास, भागाकार करून पाहा: ताशी साडेचार किलोमीटर फार तर. म्हणजे सूर्यास्ताबरोबर माणूस चालत राहू शकेल. आर्क्टिक वृत्तावर एक आणि अंटार्क्टिक वृत्तावर एक अशा दोन जागा मात्र अशा असतील, की तिथे सूर्य वर्षभर क्षितिजालाच चिकटून राहील.

अशा जगात उष्णतेची ओढ विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात न राहता दिवस आणि रात्र यांच्यात येईल. सूर्य जिथे डोक्यावर, तिथे हवा आठवडेच्या आठवडे वर चढत राहील. खाली समुद्र असेल तर ढगांचं जाड छत तयार होईल, अविरत पाऊस पडेल. आणि ते छत ऊन परतवून लावत असल्यामुळे तिथली उष्णता काहीशी आवरलेली राहील. वरून हवा अंधाराकडे जाईल, तिथे उतरेल, आणि जमिनीलगत थंड वारा अंधाराकडून उजेडाकडे वाहील. हा आपल्या मूळ प्रश्नाचा निकाल: वारा रात्रीकडून येईल, आणि महिनोन्‌महिने त्याच दिशेनं येईल. वरच्या हवेबरोबर अंधारात पोहोचलेली वाफ बर्फ होऊन रात्रीच्या बाजूला पडेल, आणि सूर्य तिथे पोहोचला की ते सगळं एकदम वितळायला लागेल. पुराचा तेवढा अंदाज कुणीही वर्षभर आधी देऊ शकेल.

रात्र किती थंड? अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, ते अशाच लांबलचक रात्रीत. अर्थात ती जागा साडेतीन किलोमीटर उंचीवर आहे. हवाच गोठून खाली पडेल, हे मात्र मला पटत नाही. त्यासाठी उणे दोनशेच्या आसपास जावं लागेल, आणि वारा उष्णता वाहून आणत असताना तिथवर मजल जाणार नाही.

समुद्राचंही एक आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवीय ६३५७. हा फुगवटा फिरण्यामुळेच टिकून आहे. फिरणं थांबलं की पाणी, आणि त्याच्याबरोबर हवाही, दोन्ही ध्रुवांकडे ओसरेल आणि मधोमध जमिनीचा एक पट्टा उघडा पडेल. मघाशी म्हटलेलं ढगांचं छत त्या पट्ट्यावर सूर्य असताना फारसं जमणार नाही; नुसती भाजलेली जमीन आणि विरळ हवा.

संथ फिरणाऱ्या ग्रहाचं उदाहरण शेजारीच आहे. शुक्राला एका परिवलनाला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात. तरी त्याचे वरचे ढग साधारण ४ दिवसांत ग्रहाला फेरी मारतात, आणि पृष्ठभागावर दिवस असो की रात्र, तापमान ४६० अंशांच्या आसपासच राहतं. तिथल्या हवेचा दाब आपल्या नव्वदपट. एवढी दाट हवा असेल तर रात्र थंड होतच नाही. म्हणून पृथ्वीच्या बाबतीत नुसता वेग धरून भागत नाही, हवा किती आहे हेही पाहावं लागतं.

हाच हिशेब आता दूरच्या ग्रहांवर लावला जातोय. आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती ७ ग्रह सापडले आहेत. ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत, की त्यांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी. सगळ्यात आतल्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचं तापमान जेम्स वेब दुर्बिणीनं मोजलं, आणि २०२३ साली ते जाहीर झालं: सुमारे २३० अंश सेल्सिअस. हवा असती, तर तिनं त्यातली बरीच उष्णता अंधारात नेली असती आणि आकडा खाली आला असता. त्या मापनात तशी खूण दिसली नाही. बाहेरच्या ग्रहांवर वारा आहे का, याचा शोध चालू आहे.

नमस्कार.