वस्ताद नसलेला नाद

(कोल्हापुरात प्राणीप्रेमींसमोर एका पशुवैद्यकाने फेरेट पाळण्याविषयी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस लागलाय, आणि रविवारची संध्याकाळ असून तुम्ही रंकाळ्यावरची गरम भजी सोडून इथं बसलाय. म्हणजे नाद आहे तुम्हाला. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडं 'काय नाद लागलाय ह्याला' ही तक्रार असते आणि 'नाद खुळा' ही शाबासकी.

या गावाला जनावरांचा नाद जुना आहे. संस्थानच्या काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे. डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवरून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायची. त्या चित्त्यांसाठी चित्तेवान होते, जनावराची भूक आणि नजर ओळखणारे. तो काळ गेला, गेला ते बरंच झालं. पण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही माणूस गिऱ्हाइकासमोर धार काढतो. दिवाळीत शिंगं रंगवलेली म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं नुसत्या हाकेवर पळते. ती हाक शिकवायला किती महिने गेले, ते त्याला विचारा. कबुतरवाल्याचं तसंच. पोरगं आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर खुराडी साफ करतं, मग त्याच्या हातात पाखरू येतं. तालमीत वस्ताद असतो, तसा प्रत्येक नादाला आपल्याकडं वस्ताद आहे.

फेरेट मात्र मोबाइलमधून आलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, किलोभर वजनाचा पाळीव प्राणी. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ते उड्या मारतं, मोज्यात शिरतं, टोपीत झोपतं. कोल्हापुरात त्याचा वस्ताद कोण? कुणी नाही. विकणाऱ्याला विचाराल तर तो म्हणतो, 'मांजरासारखंच आहे, काही त्रास नाही.' आज मी बोलायला उभा आहे तो याच वाक्यामुळं.

एकदा दवाखान्यात एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. म्हणाल्या, 'डॉक्टर, हे मुंगूस घरात ठेवू नको म्हणून सांगा की ह्याला.' आजींची चूक नव्हती, दिसतं तसंच. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. पण मुंगूस मांजराच्या बाजूचं आणि फेरेट कुत्र्याच्या. पाणमांजर फेरेटच्या भावकीतलं. हा नुसता पुस्तकी भेद नाही, पुढं लशीचं सांगेन तेव्हा तो कामाला येईल. आणि मुंगूस पाळायचं कुणाच्या मनात असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. पोपट आणि चांदणी कासव घरात ठेवणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

फेरेट मात्र रानटी नाही. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या प्राण्यापासून माणसानं ते दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलं, सशांसाठी. ससा बिळात शिरला की त्याच्या मागं फेरेट सोडायचं आणि दुसऱ्या तोंडाला जाळं लावायचं. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनकडच्या बेटांवरची अशी शिकार लिहून ठेवली आहे. लॅटिनमध्ये चोराला 'फुर' म्हणतात, त्यावरून याचं नाव पडलं: छोटा चोर. ज्याच्या घरी आहे त्याला हे पटेल. गाडीची किल्ली सापडत नसेल तर सोफ्याखाली बघायचं. तिथं किल्लीबरोबर चार मोजे आणि रिमोटही निघतो.

लोकांना ते आवडतं यात नवल नाही. मलाही आवडतं. खुशीत आलं की पाठीची कमान करून आडवं-तिडवं उड्या मारतं, दारावर आपटतं, पुन्हा उठतं, आणि तोंडानं डुक-डुक असा आवाज चालू असतो. संध्याकाळी सोडलेलं वासरू शेपटी वर करून उधळतं ना, ते किलोभर वजनात बसवा. बाकी दिवसाचे चौदा ते अठरा तास झोप. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाटतं, आपल्यासाठीच देवानं घडवलंय.

आता खाणं. फेरेट पक्कं मांसाहारी आहे. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा आणि प्राणिज प्रथिनं-चरबी असलेलंच खायला लागतं. भाकरी, दूध-बिस्किट, केळं, गूळ यातलं काही नको. धारोष्ण दूध पैलवानाला चांगलं, याला हगवण लावेल. तांबड्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, आणि शिजवलेलं हाड तर नकोच. फेरेटचं खास खाद्य मिळालं नाही तर मांजराच्या पिल्लांचं चांगल्या प्रतीचं खाद्य चालतं. घरात मांस वर्ज्य असेल तर सरळ सांगतो, हा प्राणी आणू नका. त्याला शाकाहारी करायला जाल तर तो उपाशी मरेल.

दुसरं, उन्हाळा. फेरेटला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. तापमान तिशीच्या वर गेलं की ते धापा टाकायला लागतं, पुढं उष्माघात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या वर असतो, वर पत्र्याचं छत, आणि लाइट नेमकी दुपारी जाते. एसी आहे म्हणणाऱ्याला मी विचारतो, इन्व्हर्टरवर चालतो का? नसेल तर निदान थंड फरशीची खोली आणि फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या तयार ठेवा.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण ते मला स्वतःला उशिरा कळलं.

काही वर्षांपूर्वी कॉलेजचा एक मुलगा खोक्यात मादी फेरेट घेऊन आला. म्हणाला, 'महिनाभर मागची जागा सुजलीय. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला माजावर आलीय, जाईल आपोआप.' मी हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक. पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके. आता तुम्हा शेतकऱ्यांना माज काय सांगायचा? गाय माजावर येते, दिवसभरात उतरते, गाभण नाही राहिली तर एकवीस दिवसांनी पुन्हा येते. फेरेटचं तसं नाही. नराशी संग झाल्याशिवाय मादीचं बीज सुटत नाही. नर नसेल तर माज उतरतच नाही, महिनोन्‌महिने चालू राहतो. तेवढा काळ अंगात इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, वाढलेलं राहतं आणि ते हाडांतल्या मज्जेला मारतं. मज्जा मेली की नवं रक्त तयार होत नाही. मी म्हशी आणि कुत्री बघत मोठा झालेला डॉक्टर, मला त्या दिवशी पुस्तक काढून वाचावं लागलं. वाचून संपलं तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. मुलगा मला काही बोलला नाही, पैसे द्यायला लागला. मी घेतले नाहीत.

म्हणून मादी घेणार असाल तर पहिला प्रश्न नसबंदीचा. कधी, कोण करणार, त्या डॉक्टरनं याआधी फेरेट उघडलंय का. अगदी लहानपणी नसबंदी केली की पुढं मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीचा आजार जडतो असं दिसलंय. शेपटीपासून केस गळायला लागतात. म्हणून काही देशांत शस्त्रक्रियेऐवजी कातडीखाली संप्रेरकाचं इम्प्लांट बसवतात. डॉक्टरशी याची चर्चा प्राणी घरी आणायच्या आधी करायची, नंतर नाही.

आता लस. फेरेट कुत्र्याच्या बाजूचं, म्हणून कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा विषाणूचा रोग त्याला होतो, आणि झाला तर जवळजवळ शंभर टक्के मरतं. ते घराबाहेर पडत नसलं म्हणून काय झालं, गल्लीतल्या कुत्र्यांचा विषाणू तुमच्या चपलेवरून घरात येऊ शकतो. यावर कुणीतरी म्हणतं, मग कुत्र्याची लस टोचा की. तसं डोळे झाकून करता येत नाही, काही जिवंत विषाणूंच्या लशींनीच फेरेटला डिस्टेंपर झाल्याची उदाहरणं आहेत. कुठली लस चालते ते माहीत असलेला डॉक्टर लागतो. रेबीजची लस वेगळी.

आणि तुमचा फ्लू त्याला होतो, त्याचा तुम्हाला. 1933 मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो फेरेटच्याच मदतीनं. तेव्हा घरात सर्दी-ताप असेल तर पप्पी घेणं बंद.

बाकीचं भराभर सांगतो. रबर आणि फोम चावून गिळतात, आतडं तुंबतं, म्हणून इअरफोनचे बोंडूक आणि रबरी चपला वर ठेवा. अंगाला उग्र वास असतो, आणि सारखी आंघोळ घातली तर कातडीतलं तेल वाढून तो वाढतो. तीन-चार वर्षांनंतर स्वादुपिंडाच्या गाठी बऱ्याच फेरेटना होतात: साखर उतरते, मागचे पाय लटपटतात, प्राणी शून्यात बघत बसतो. आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षांचं. दहावीला हट्ट करून घेतलेला प्राणी तुमचं शिक्षण संपून पुण्याला नोकरी लागेपर्यंत असतो. मग तो कुणाकडं? आई-वडिलांकडंच, हे मी दवाखान्यात रोज बघतो.

कंटाळा आला म्हणून कळंब्याला नाहीतर राधानगरीच्या रानात सोडून येतात. माणसाच्या हातचं खाल्लेलं फेरेट बहुधा तिथं उपाशी मरतं. आणि जगलं तर? न्यूझीलंडला विचारा. तिथं 1880 च्या दशकात ससे फार झाले म्हणून फेरेट सोडली. सशांबरोबर त्यांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपवायला घेतले. 2002 पासून त्या देशात फेरेट विकायला आणि त्यांची पैदास करायला बंदी आहे. अमेरिकेत लाखो लोक फेरेट पाळतात, पण कॅलिफोर्निया आणि हवाईत ते चालत नाही.

घेताना कागद मागा. बाहेरच्या देशातून प्राणी आणायला परवाना आणि विलगीकरण लागतं. दुकानाला 2018 च्या पेट शॉप नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून तुम्ही मोटारसायकल घ्याल का?

मागून एक प्रश्न आलाय, एक घ्यावं की दोन. ती जोडीनं रमतात, पण खर्चही दुप्पट. आधी एकाचा खर्च महिनाभर वहीत लिहून बघा, प्राणी न आणता.

आणि ती चिठ्ठी कुणाची? 'डॉक्टर, तुम्ही पाळलंय का?' नाही. रोज तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर सोडून त्याच्या मागं फिरायला लागतं. माझा दवाखाना रात्री नऊला बंद होतो, आणि घरी दोन मांजरं आहेत, त्यांनाच मी कधीतरी दिसतो. निवृत्त झाल्यावर बघू. तोवर ज्यांच्याकडं आहे त्यांनी जाताना माझ्याकडं नंबर द्या, आणि तुमच्या मादीची नसबंदी झालीय की नाही ते पुढं लिहा.