सकाळी घोटाभर, दुपारी मांडीभर

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय काश्मीरमधल्या उंचावरच्या तळ्यांबद्दल, आणि त्या तळ्यांच्या डोक्यावर जी शिखरं उभी आहेत त्यांच्या चढाईबद्दल. सोनमर्गजवळून चालायला लागायचं, निचनाईची खिंड ओलांडायची, मग विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल, नुंदकोल अशी एकेक तळी बघत सहा-सात दिवसांनी नारानागला उतरायचं. आपल्याकडून जुलै ते सप्टेंबर कितीतरी मंडळी ही वाट चालतात. वाटेतली सगळ्यात उंच जागा म्हणजे गडसरची खिंड, साधारण 4,200 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवा, वर थोडं उरेलच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या 60 टक्क्यांच्या आसपास असतो. डोकं दुखलं, मळमळलं, तर आणखी वर जायचं नाही. आराम पडला नाही तर खाली उतरायचं. यात घासाघीस नको.

या नावांचं मला फार प्रेम आहे, म्हणून जरा थांबतो. विशनसर, किशनसर यांतला 'सर' म्हणजे आपलं सरोवरच. आणि नुंदकोलमधला 'कोल' म्हणजे काश्मिरीत ओढा. काही नकाशांवर नुसतं इंग्रजी स्पेलिंग असतं, त्यातून माणसं मनाला येईल ते वाचतात. नाव नीट उच्चारा हो. गावातल्या माणसाला वाट विचारायची तर नाव नीट यायला हवं, आणि बहुतेक वेळा त्या नावातच जागेची माहिती असते. कोल म्हणजे ओढा, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नुंदकोल आणि गंगाबल यांच्या उशाशी हरमुख उभा आहे, 5,142 मीटरचा. कल्हणाच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या जुन्या इतिहासग्रंथात, तो हरमुकुट म्हणून येतो. 1856 साली माँटगोमेरी नावाचा सर्वेक्षण अधिकारी याच डोंगरावर दुर्बीण लावून बसला होता. दोनशे किलोमीटरहून लांब, काराकोरम पर्वतरांगेत, त्याला दोन उठून दिसणारी शिखरं दिसली. त्याने वहीत त्यांची चित्रं काढली आणि खुणेसाठी लिहिलं, के वन, के टू. त्यातलं के टू हे नाव जगभर आजतागायत टिकलं.

आता माझी गोष्ट. हरमुखच्या माथ्याची नाही ही, तिथे दोर, बर्फातली कुऱ्हाड, सगळी तयारी लागते. त्याच्या खांद्यावर खडकांचा एक उंचवटा आहे, तिथवरची. आम्ही अकरा जण होतो. तंबू नुंदकोलच्या काठावर. उंचवट्याकडे जायचं तर हरमुखच्या हिमनदीतून येणारा एक ओढा ओलांडावा लागतो.

पहाटे साडेपाचला ओढ्यावर पोहोचलो. पाणी घोटाभर. दगडांवरून टणाटण उड्या मारत पाच मिनिटांत सगळे पलीकडे. आमच्याबरोबर त्रेसष्ट वर्षांच्या एक मावशी होत्या, सह्याद्रीत जन्म काढलेल्या. त्या वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, हे दुधाळ का दिसतंय? तळ्याचा रंगही तसाच निळा-दुधाळ." मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो.

पलीकडे आमचे वाटाडे, त्यांना सगळे चाचा म्हणत, खाली बसले. त्यांनी तीन खडे उचलले. एक पाण्याच्या अगदी कडेला ठेवला. दुसरा त्याच्या वीतभर वर. तिसरा आणखी वीतभर वर. आणि मला म्हणाले, "साहब, ग्यारह बजे जहाँ भी हों, वापस. दूसरा पत्थर डूबा, तो रात इसी पार." मी मान डोलावली. खरं सांगतो, मी ते नीट ऐकलंच नव्हतं. माझी नजर वर होती.

अकरा वाजले तेव्हा उंचवटा समोर दिसत होता. अगदी हाताशी. आकाश निळं, वारा नाही. चाचा थांबले, घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, चाचा, फक्त पंधरा मिनिटं. त्या उंचीवर पंधरा मिनिटं कधीच पंधरा नसतात, हे मी स्वतः शिबिरांत शिकवत आलो होतो. पोहोचलो तेव्हा पावणेएक झाला होता. खाली एकीकडे गंगाबल, एकीकडे नुंदकोल. मावशींनी डोळे पुसले. मी फोटो काढले, बिस्किटं वाटली. चाचांनी बिस्किट घेतलं नाही.

उतरून ओढ्यापाशी आलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. ओढा दिसायच्या आधी ऐकू आला. सकाळी त्याला आवाजच नव्हता. आता खालून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते, जात्याच्या घरघरीसारखे. चाचांनी काठावर खडे शोधले. पहिला नाही. दुसरा नाही. तिसराही नाही. पाणी मांडीभर.

आमच्यातला एक तरुण, चांगला दणकट मुलगा. "सर, मी जातो, दोर पलीकडे बांधतो," म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले, पँट वर केली आणि उतरला. चार पावलं. पाचव्या पावलाला खालचा दगड सरकला. तो कंबरेपर्यंत गेला, आणि चाचांनी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. कधी धावले, मला कळलंच नाही. दोघं गुडघ्यांवर काठाला आले. मुलाचे ओठ काळेनिळे. गळ्यातल्या नाड्या सुटल्या होत्या. एक बूट त्याच्या हातात, दुसरा ओढ्याने नेला.

मग कुणीच काही बोललं नाही. समोर दोनशे पावलांवर आमचे पिवळे तंबू दिसत होते. स्वयंपाकाच्या तंबूतून धूर निघताना दिसत होता. आणि आम्ही या पारला. चाचा आम्हाला बकरवालांच्या ढोकेत घेऊन गेले. बकरवाल म्हणजे उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन वर येणारे मेंढपाळ, आणि ढोक म्हणजे त्यांचा दगडमातीचा निवारा. तिथल्या आजींनी त्या मुलाला आधी घोंगडीत गुंडाळलं, मग विचारपूस. मिठाचा गुलाबी चहा, नून चाय, आणि मक्याची भाकरी. अकरा माणसं रात्रभर भिंतीला टेकून बसली, कुणाला आडवं होता आलं नाही. मावशी त्या मुलाचे तळवे चोळत होत्या. मी दर तासाला विजेरी घेऊन ओढ्यावर जायचो. रात्री दहाला काहीच नाही. बाराला तिसरा खडा वर आला, ओला, चकचकीत. तीनच्या सुमाराला दुसरा.

आता हे असं का होतं, ते सांगतो, वेळ थोडा उरलाय. रात्री वरचं बर्फ गोठतं, वितळणं जवळजवळ थांबतं. दिवसा ऊन तापलं की ते वितळतं, पण ते पाणी खाली यायला काही तास घेतं. म्हणून ओढा भर दुपारी नाही, उतरत्या उन्हाला सगळ्यात मोठा होतो, आणि पहाटे सगळ्यात लहान. पुन्हा सांगतो. सकाळी घोटाभर, दुपारी मांडीभर. आकाश जितकं निळं, तितका त्या दिवशीचा ओढा मोठा. निळ्या आकाशाने मला फसवलं नव्हतं, मीच ते अर्धं वाचलं होतं. पाऊस पडला तर मात्र हे वेळापत्रक लागू नाही, ओढा केव्हाही चढतो.

आणखी एक. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. म्हणून ओलांडायची वेळ आलीच तर पाठपिशवीचा कंबरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येते. पाणी जिकडून येतं तिकडे तोंड. काठी पुढे. एका वेळी एकच पाय उचला. ओढा जिथे पसरट आणि फाटे फुटलेला आहे तिथून जा, अरुंद जागा बघून मोहात पडू नका, तिथे तो खोल असतो. बूट पायातच ठेवा, भिजले तर भिजू द्या. आणि कृपा करून पाठपिशवीला स्पीकर लावून गाणी वाजवत चालू नका. त्या डोंगरांत दगड पडतो, ओढा चढतो, ते आधी कानाला कळतं.

परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायची. माथा किती वाजता गाठला ते सोडा, ओढ्यावर किती वाजता परतलात ते सांगा. त्या दिवसापासून मी वहीत तेवढीच वेळ लिहितो.

तर पहाटे साडेपाचला तिन्ही खडे जागेवर होते. पाणी घोटाभर. आजींनी त्या मुलाला आपल्या नातवाचे रबरी बूट दिले, आम्ही ओढा ओलांडला. तंबूंकडे जाताना, जिथे तो ओढा नुंदकोलला मिळतो तिथल्या रेताडात मावशी थांबल्या. बूट पडला होता. पालथा. त्यांनी तो उचलून झटकला, तर आतून राखाडी गाळ ओघळला, इतका बारीक की दोन बोटांत धरला तर कणच लागेना. तांदळाची पिठी जशी. हिमनदी अंगाखालचे खडक घासत सरकते, त्याचंच हे पीठ. ते पाण्यात तरंगत राहतं, त्यावर ऊन पडतं आणि तळं दुधाळ-निळं दिसतं. मावशींना मी आदल्या संध्याकाळी सांगणार होतो ते हेच. त्यांनी चिमूटभर गाळ रुमालाच्या टोकात बांधला आणि बूट मुलाकडे दिला.

नमस्कार.