कूलरची बादली

पहाटेचे पाच. अंबाझरीच्या काठावर अजून पुरतं उजाडलं नाही, पण पावलं वाजायला लागली आहेत. मे महिन्यात नागपुरात चालायला जायचं तर हीच वेळ. आठ वाजले की ऊन डोक्यावर बसतं.

हिरव्या पातळावर पांढरे बूट घातलेल्या या काकू. वय 67. बारा वर्षं झाली, रोज चार किलोमीटर. दम लागत नाही, बीपी आटोक्यात आहे. ही चालण्याचीच कमाई. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणारे कंडक्टर आणि बसून गाडी हाकणारे ड्रायव्हर यांची तुलना जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली मांडली, तेव्हा हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला होता.

आता काकूंच्या घरी. खिडकीतला हा कूलर. टाकी भरायची तर बादली छातीपर्यंत उचलावी लागते. हे चित्रण मागच्या उन्हाळ्यातलं. काकू बादली खाली ठेवतात, तांब्या घेतात आणि तांब्या-तांब्यानं पाणी ओततात. "उचलतच नाही बाप्पा आता," एवढंच म्हणतात.

चालण्यानं हृदय-फुफ्फुसं तयार होतात. दंड, खांदे, पाठ यांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्के झडतात, साठीनंतर त्याहून वेगानं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा हेच स्नायू उचलतात, म्हणून मधुमेहाच्या घरात तर त्यांची जास्तच काळजी घ्यायला हवी.

नागपूरच्या महाल भागातला हा आखाडा. लाल मातीत तेल, ताक, हळद. आधी फावड्यानं माती उकरायची, ढेकळं फोडायची, मग पायानं सारखी करायची. निम्मा व्यायाम तर इथेच होतो. हा मुदगल, लाकडाचा जड सोटा. मूठ घट्ट, कोपर अंगाजवळ. मुदगल खांद्यावरून पाठीमागे सोडायचा आणि झोका संपायच्या आत पुन्हा पुढे आणायचा. नव्या पोराच्या हातात वस्ताद हलकाच देतात. तो सहज फिरू लागला की त्याहून जड. जिममधला ट्रेनर डंबेल बदलतो ते याच हिशेबानं: सोपं झालं की भार वाढवायचा. आपल्या आजोबांना व्यायाम म्हटलं की जोर-बैठकाच आठवायच्या. त्या तालमीतल्या पोरांपुरत्या उरल्या, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. मिनिटांचा हिशेब बागेतल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते दोन दिवस कुणी मोजत नाही.

वय झालं म्हणून? 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं नव्वदीच्या आसपासची, मांड्यांसाठी आठ आठवडे वजनाचा व्यायाम. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

पडणं, खुब्याचं हाड मोडणं, अंथरूण धरणं, यामागे पुष्कळदा स्नायूंची हीच झीज असते.

काकूंनी सुरुवात जेवणाच्या खुर्चीपासून केली. हात छातीशी, पाय जमिनीवर सपाट. उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा दहा. श्वास रोखायचा नाही. बीपीची गोळी चालू असल्यामुळे डॉक्टरांना आधी विचारलं. मग पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, पुढे पाच किलो तांदूळ. आठवड्यातून दोन दिवस. अंबाझरीची फेरी आहे तशीच आहे.

हा यंदाचा मे. तीच खिडकी, तोच कूलर. काकू पदर खोचतात, गुडघे वाकवून बादलीची कडी धरतात. बादली काठोकाठ नाही, पण अर्ध्याच्या बरीच वर आहे. ती छातीपर्यंत येते, टाकीच्या काठावर टेकते आणि पाणी आत पडतं.

तांब्या ओट्यावरच आहे.