वारा पडतो तेव्हा

[दृश्य: लोंबतं शीड, सपाट पाणी]

सकाळचे साडेदहा. वारा पडलाय.

मुंबई बंदराच्या तोंडाबाहेर आमची शिडाची बोट एकाच जागी डुलतेय. आम्ही पाच जण. शीड वर चढवलेलं, पण ओल्या चादरीसारखं लोंबणारं. लाट आली की कप्पी खडखडते आणि कुणीतरी विचारतं, "आला का?"

आलेला नसतो.

गेटवेसमोरून पहाटे निघालो तेव्हा मतलई वारे होते. भूगोलाच्या पेपरात आपण सगळ्यांनी लिहिलंय ते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे मतलई. दिवसा जमीन तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे खारे. दोन मार्कांचं उत्तर. मतलई थांबल्यापासून खारे सुटेपर्यंत मधे काय करायचं, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं.

समुद्रावर गार असेल, असं घरी सगळ्यांना वाटतं. एप्रिलात डेकवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. घाम येतो, पण वाळत नाही. आणि ऊन जेवढं वरून, तेवढंच खालून: पाण्यावरून उसळून थेट टोपीच्या आत. संध्याकाळी कपाळ ठीक असतं, हनुवटी सोललेली. कोकम सरबताची बाटली फिरते. भलंमोठं कलिंगड घेऊन आलेल्या मित्राला पहाटे सगळे हसले होते; आता त्याच्याशी फार गोड बोलतात. इंजिन आहे, पण लावायचं नाही असं ठरलंय. साडेअकराला तो ठराव पुन्हा मताला येतो आणि तीन विरुद्ध दोननं कसाबसा तरतो.

[दृश्य: क्षितिजावर दोन बेटं]

समोर थळच्या किनाऱ्याजवळ दोन ठिपके. मोठा खांदेरी, धाकटा उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे. मुंबईच्या दारातच किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात जाणाऱ्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री त्या किनाऱ्यावरून सामान घेऊन बेटावर पोचायच्या, आणि जहाजांना काही करता यायचं नाही. ऑक्टोबरात लढाई झाली, तरी तटाचं काम थांबलं नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते इथे, पडलेल्या शिडाखाली बसल्यावर. आमच्याकडे दोन वल्ही असती तर!

[दृश्य: पाण्यावर काळसर पट्टा]

एकच्या सुमाराला वायव्येकडे पाण्याचा रंग बदलतो. काळसर, खरखरीत पट्टा, आपल्याकडे सरकणारा. आधी मानेवर गार हात फिरल्यासारखं वाटतं. मग शीड फाडकन भरतं, बोट कलते, ताटलीतल्या फोडी घसरत सुकाणू धरणाऱ्याच्या मांडीवर. कुणाची तक्रार नाही.

खांदेरीच्या धक्क्यावर उतरलो. वेताळाचं देऊळ, १८६७ चा दीपस्तंभ, चाकांच्या गाड्यावर बसलेली गंजकी तोफ. एका खडकावर दगड मारला की पितळी भांड्यासारखा नाद येतो. पाचही जणांनी मारून बघितला, वयाची लाज न बाळगता. २०२५ मध्ये हा किल्ला मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. उंदेरीला १६८० च्या जानेवारीत सिद्दी येऊन बसला, म्हणजे दोन शेजारी, दोन वैरी. तिथे धक्का नाही, भोवती खडकच खडक. आम्ही लांबूनच वळसा घातला.

परत उत्तरेला जायचं तर हाच वारा नाकासमोर. नागमोडी वळणं घेत किती जाणार? थळच्या बाजूला नांगर टाकला. रात्र डेकवरच, डास नाहीत एवढंच सुख.

साडेतीनला जाग आली. किनाऱ्याकडून चुलीच्या धुराचा आणि सुकत्या बोंबलांचा वास येत होता. मतलई. उन्हाळ्यात ती दुबळीच असते, पण दोर हलत होता. मी कलिंगडवाल्याला हलवलं. डोळे न उघडता तो म्हणाला, "आला का?"